शेतकऱ्याचा गोठा

शहरांतला पाहुणा खेडेगांवीं आला, आणि यजमानानें मोठ्या कौतुकानें त्याला आपला गोठा दाखवावयास नेलें, म्हणजे पाहुण्याचा हात नकळत खिशांतील रुमालाकडे जातो. गाय चांगली आहे, बैल देखणे आहेत, असें तो तोंडानें म्हणतो. परंतु येथून लौकर बाहेर कसें पडावें, इकडेच त्याचें सारें लक्ष असतें. यजमान मनांतल्या मनांत हसतो. कारण गोठा म्हटला कीं वास यावयाचाच, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत असते. अशा प्रसंगीं दोघेहि चुकत असतात. पाहुण्याला वाटतें, हा वास म्हणजे गुरांची उपजत घाण. यजमानाला वाटतें, ही गोठ्याची रीतच आहे. वस्तुतः नाकाला झोंबणारा आणि डोळ्यांस पाणी आणणारा तो वास अमोनिया नांवाच्या वायूचा असतो. गुरांच्या मूत्रांत युरिया नांवाचें द्रव्य असतें. शेणांतील सूक्ष्म जंतूंची क्रिया त्यावर घडली कीं त्यांतून हा वायु सुटतो, आणि पिकाला हवें असलेलें नत्र त्याच्या रूपानें हवेंत उडून जातें. म्हणजे जी जिन्नस शेतांत जावयाची, ती गोठ्याच्या दारांतून निघून चालली आहे, एवढीच बातमी तो वास देत असतो. धान्याची कोठी गळूं लागली तर घरांतील माणसें धांवाधांव करतात. गोठा गळत असतां मात्र कोणाला त्याची खबर नसते.

ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली, म्हणजे शेतकऱ्याच्या घरचीं जनावरें व त्यांची राहण्याची जागा ह्यांविषयींचे बहुतेक नियम आपोआप उलगडत जातात. कारण जी जमीन कोरडी असते तिच्यावर गुरें निरोगी राहतात, आणि ती कोरडी ठेवण्यासाठीं जें करावें लागतें त्यानेंच खतहि वांचतें. गुरांचें सुख आणि शेताचा लाभ हे दोन निराळे हिशेब नव्हेत.

उदाहरणादाखल नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांतील विंचूर घेण्यासारखें आहे. नाशिकहून निफाडावरून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव लागतें. लासलगांवची कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ तेथून जवळच असून त्या बाजार समितीचा एक उपबाजार विंचुरासहि आहे. पानिपतच्या १७६१ च्या रणसंग्रामांत असलेले पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव हे ह्याच गांवावरून विंचूरकर म्हणविले गेले. सरदारांच्या पदरीं घोडीं असत. शेतकऱ्याच्या दारीं मात्र त्या काळींहि आणि पुढेंहि बैलच मुख्य. इकडची जमीन काळी, सुपीक. पश्चिमेस इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जो पाऊस धो धो कोसळतो, तो येथवर येतां येतां पुष्कळ ओसरलेला असतो. हिवाळा मात्र कडक. निफाडच्या परिसरांत पारा पांच अंशांच्याहि खालीं उतरल्याच्या वार्ता अनेक वर्षीं ऐकूं येतात. उन्हाळ्यांत पुन्हां तीच जमीन तापून भेगाळते. म्हणजे येथील गोठ्यानें तिन्ही ऋतूंशीं सामना द्यावयाचा असतो, आणि बेताच्या खर्चांत द्यावयाचा असतो.

जुन्या घराची मांडणी ह्या दृष्टीनें पाहण्याजोगी असे. रस्त्यावरून दिंडींतून आंत शिरलें कीं एका हाताला गुरांची पडवी, मध्यें अंगण, समोर ओसरी, तिच्यामागें माजघर. आणि वरतीं मातीचें जाड धाबें. गुरें घराला इतकीं लागून कां बांधीत, असा प्रश्न आजच्या माणसाला पडेल. त्याचीं कारणें साधीं होतीं. शेतकऱ्याचें सारें भांडवल चार पायांवर उभें असे, आणि तें चोरापासून व जंगली श्वापदांपासून रात्रीं संभाळावयाचें होतें. गाय मध्यरात्रीं व्याली तर कंदील घेऊन दोन पावलांत तिच्यापाशीं पोहोंचतां येई. बैलानें दावें तोडलें, म्हशीला पोटफुगी झाली, तर दाव्याच्या नुसत्या आवाजावरून घरधन्याला जाग येत असे. शिवाय धाब्याखालच्या उबेंत हिवाळ्याची रात्र गुरांना सुखाची जाई.

दूरच्या देशांतील शेतकरीहि अशाच युक्तीला येऊन पोहोंचले होते. आयर्लंडच्या पश्चिमेकडील जुन्या घरांतून माणसें आणि गाई हिवाळ्यांत एकाच लांबट छपराखालीं राहत. मात्र तें घर उतारावर बांधलेलें असे. वरच्या अंगाला चूल आणि माणसें, खालच्या अंगाला गाई, आणि मध्यें आडवें गटार. गाईंच्या अंगची ऊब घराला मिळावी, परंतु त्यांचें मूत्र माणसांकडे न येतां खालच्या बाजूनें बाहेर पडावें, अशी ती योजना. आयर्लंडचा शेतकरी आणि निफाडचा शेतकरी ह्यांची गांठ कधीं पडली नाहीं. पण पाणी खालींच वाहतें, हा धडा दोघांनाहि एकाच गुरूनें दिला होता.

ह्या पडवींत कोण कोण राही? पहिला मान बैलांचा. विहिरीवर मोट चालत होती तोंवर बैलांच्या जोडीवांचून बागाइताची गोष्टच नको. नांगर, वखर, पाभर, गाडी, खळ्यावरील मळणी हीं सारीं कामें त्यांच्याच खांद्यावर. घाटाकडच्या मुलुखांत डांगी जात नांवाजलेली आहे. तिच्या कातड्यावर तेलकट स्राव असल्यामुळें मुसळधार पावसांतहि ती काम करूं शकते. दक्षिणेकडील सातारा-सोलापूरच्या बाजूची खिल्लार जात चालण्यांत चपळ. बैलांच्या शेजारीं एखाददुसरी गाय, दुभती म्हैस, तिचें पारडूं आणि दोनचार वासरें. पडवीच्या टोकाला शेळ्या. शेजारच्या संगमनेरचें नांव मिळालेली संगमनेरी शेळी नाशिक जिल्ह्यांतहि पाळली जाते. अंगणाच्या कोपऱ्यांत कोंबड्यांचें खुराडें किंवा डालगें. आणि पीक निघाल्यावर पाहुण्यासारख्या येणाऱ्या धनगराच्या मेंढ्या.

कामाची वांटणीहि ठरलेली असे. बैलांचें पाणी, वैरण, खरारा पुरुषांकडे. गाई-म्हशींच्या धारा आणि शेणगोठा बहुधा बायकांकडे. वासरें, करडें आणि कोंबड्या मुलांकडे. पोळ्याच्या दिवशीं शिंगांना हिंगूळ लागे, अंगावर झूल चढे आणि पुरणपोळीचा घास मिळे. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होई. परंतु वर्षाचे उरलेले दिवस जिच्या हातीं खराटा असे, त्या घरच्या बाईवरच गुरांचें खरें सुखदुःख अवलंबून होतें, हें सणाच्या कौतुकांत विसरतां कामा नये.

आतां गोठा कसा असावा, हें पाहूं जातां पहिली गोष्ट जागेची. ती आजूबाजूच्या जमिनीहून थोडी उंच हवी, म्हणजे पावसाचें पाणी आंत येत नाहीं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवून दक्षिणेची बाजू मोकळी सोडली, तर हिवाळ्यांत दक्षिणेकडे कललेला सूर्य गुरांच्या पाठीपर्यंत पोहोंचतो, आणि उन्हाळ्यांतील सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन आडव्या भिंतींवरच अडतें. छपराची वळचण एवढी पुढें हवी कीं पावसाची झड गव्हाणींत येऊं नये. प्रौढ गाईला किंवा बैलाला उभें राहण्यास सुमारें पांच ते साडेपांच फूट लांब आणि साडेतीन ते चार फूट रुंद जागा लागते. म्हशीला किंचित् अधिक. जागा ह्याहून आंखूड असली तर मागचे पाय गटारांत पडतात. फार लांब असली तर शेण अंगाखालींच राहतें आणि गाय त्यांतच बसते. बसलेल्या गाईची कास जेथें टेकते तेथूनच दुधाची स्वच्छता सुरू होते, हें शहरांतील गृहिणीनेंहि जाणून घेण्यासारखें आहे. ओल्या, घाणेरड्या जमिनीवरील जंतु सडांच्या छिद्रांतून आंत शिरतात, कासेला सूज येते, आणि मग औषधाचा खर्च व दुधाची तूट हीं दोन्हीं मालकाच्या वांट्याला येतात.

उताराचें प्रमाण चाळीस फुटांस एक फूट एवढें पुरें. ह्याहून अधिक असला तर जनावराला उभें राहतांना त्रास होतो. गाभण गाईला तर तो बाधतोच. उताराच्या शेवटीं उथळ गटार, आणि गटाराच्या शेवटीं खड्डा किंवा रांजण. भिंतींना वरच्या बाजूस झरोके हवेत. येथें जुन्या पद्धतीचा एक दोष स्पष्टपणें सांगितला पाहिजे. चोराच्या आणि थंडीच्या भीतीनें पुष्कळ पडव्यांना खिडकीच ठेवीत नसत. आंत अंधार, श्वासाची वाफ, आणि डांसांसाठीं केलेला धूर. अशा कोंदट हवेंत वासरांची छाती भरून येई. थंडीला गाय एकाएकीं भीत नाहीं. तिच्या पोटांत वैरण आंबत असतांना पुष्कळ उष्णता निर्माण होत असते, आणि तिच्या अंगाचें तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास टिकून राहतें. तिला मारतो तो अंगावर येणारा गार झोत आणि अंगाखालची ओल. म्हणून गार झोत अडवावा, परंतु हवा अडवूं नये. पाठीच्या उंचीपर्यंत भिंत आणि तिच्यावर मोकळें, हा त्यांतील मध्यममार्ग.

ह्यानंतर मुख्य प्रश्न येतो तो जमिनीचा. फरशी किंवा सिमेंट चांगलें, कीं मुरुमाची चोपलेली जमीन चांगली? सिमेंट धुतां येतें. पण त्यावर पाणी फार लागतें, खुर घसरतात, आणि मूत्र वाहून न नेलें तर तें तेथेंच आंबून वास मारतें. मुरुमाची जमीन मऊ आणि उबदार. मात्र मूत्र मुरून मुरून ती खोल खड्ड्यांची आणि दुर्गंधीची होते. ह्या कोड्याचें एक उत्तर इंदूर येथें निघालें. तेथील शेतकी संशोधन संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड हे कंपोस्ट खताचे प्रयोग करीत होते. त्यांत त्यांचे सहकारी यशवंत वाड हे होते. शेतांतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयीं ह्या दोघांचें पुस्तक १९३१ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि इंदूर पद्धति हें नांव जगभर गेलें. त्या पद्धतींत गोठ्याची माती हा एक महत्त्वाचा घटक होता. गुरांच्या पायांखालची माती ठराविक काळानें खणून काढावयाची, तिच्या जागीं कोरडी माती घालावयाची, आणि मूत्रानें भरलेली ती माती शेण व काडीकचरा ह्यांबरोबर खताच्या ढिगांत मिसळावयाची. ज्या मातीला लोक घाण म्हणून नाक मुरडीत, तीच ढिगाचें बळ ठरली.

ह्यामागील हिशेब सोपा आहे. गुरांच्या अंगांतून जें नत्र बाहेर पडतें त्यांतलें सुमारें निम्में मूत्रांत असतें. पालाशाचा तर बहुतेक भाग मूत्रांतच असतो. स्फुरद मात्र मुख्यतः शेणांत. एक देशी जनावर दिवसाला सुमारें सहा लिटर मूत्र देतें असें धरलें, आणि त्यांत शेंकडा एक ह्या प्रमाणांत नत्र आहे असें मानलें, तर वर्षाकांठीं वीस-बावीस किलो नत्र होतें. आज बाजारांत मिळणाऱ्या ४५ किलोंच्या युरियाच्या एका गोणींत जवळजवळ तेवढेंच नत्र असतें. म्हणजे चार जनावरांच्या गोठ्यांतून दर साल चार गोणी शेतांत तरी जातात, किंवा गटारांतून आणि हवेंतून नाहींशा तरी होतात. शेण गोळा करणारा शेतकरी मूत्र सोडून देतो, तेव्हां तो अर्धें पीक खळ्यावर टाकून घरीं येतो.

म्हणून ज्या घरीं जाणतें माणूस असे तेथें संध्याकाळीं गुरें बांधण्यापूर्वीं त्यांच्या पायांखालीं भुसकट, गव्हाणींतील उरलेले कडब्याचे बुडखे, वाळलेला पाला किंवा कोरडी माती पसरीत. रात्रभर तें अंथरूण मूत्र शोषून घेई. सकाळीं शेणासकट तें खड्ड्यांत जाई. गुरांना कोरडें अंथरूण, शेताला खत आणि नाकाला शांतता, असे तीन लाभ एकाच पसाभर पाल्यांत मिळत.

परंतु गोठ्यांत वांचविलेलें उकिरड्यावर घालविण्याची चालहि तितकीच जुनी आहे. उघडा ढीग उन्हानें वाळतो आणि पावसानें धुपतो. त्याचें सत्त्व काळसर पाण्याच्या रूपानें ओढ्याला जाऊन मिळतें. एक जनावर दिवसाला दहा किलो शेण देतें असें धरलें तर वर्षाला साडेतीन टनांच्या वर होतें. कुजून तें पुष्कळ कमी भरतें, तरी चार जनावरांच्या मागें दहाबारा गाड्या खत सहज व्हावें. त्याऐवजीं शेण गोवऱ्या होऊन चुलींत जाई. ह्याबद्दल घरच्या बाईला दोष देणें सोपें आहे. पण दुसरें जळण तिला कोणी आणून देत नव्हतें. गोबरगॅसच्या टांकीनें हें भांडण पुष्कळ अंशीं मिटविलें. तींत शेणांतील जाळण्याजोगा वायु चुलीला मिळतो, आणि खताचें सत्त्व राबडींत शिल्लक राहून शेताला मिळतें.

ऋतूंप्रमाणें काळजी बदलते. पावसाळ्यापूर्वीं घटसर्प आणि फऱ्या ह्यांच्या लसी टोंचून घ्यावयाच्या. कारण पहिल्या पावसानंतर हे रोग एका रात्रींत उमदा बैल नेतात. पावसाळ्यांत खुरांना चिखल आणि अंगाला गोचीड. हिवाळ्यांत म्हाताऱ्या जनावरांवर गोणपाटाची झूल आणि वासरांखालीं जाड अंथरूण. उन्हाळ्यांत पाणी, मोठें जनावर दिवसाला तीस ते पन्नास लिटर पाणी पितें, आणि दुभतें असल्यास त्याहूनहि अधिक. कडबा अख्खा टाकला तर गुरें पानें खाऊन बुडखे पायांखालीं तुडवितात. कुट्टी करून घातला तर तोच अधिक दिवस पुरतो. दुष्काळाच्या सालीं ह्या एवढ्याशा काटकसरीनेंहि एखादी गाय वांचते. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें हें फार जवळून पाहिलें.

वासराच्या बाबतींत एक घातुक समजूत पुष्कळ घरीं असे. गाईची वार पडेपर्यंत वासराला पाजावयाचें नाहीं, ही ती समजूत. चिकांत रोगाशीं झगडणारीं जीं द्रव्यें असतात तीं वासराच्या आंतड्यांतून रक्तांत जाण्याची शक्ति पहिल्या कांहीं तासांत सर्वांत अधिक असते. एक दिवस उलटला कीं ती जवळजवळ नाहींशी होते. म्हणून जन्मल्यापासून तासा-दोन तासांच्या आंत वासराच्या पोटांत चीक गेला पाहिजे. उरलेल्या चिकाचा खरवस घरांतील मुलांनीं खुशाल खावा. पहिला हक्क वासराचा.

शेळीला गाईच्या शेजारीं बांधलें म्हणजे तिची सोय झाली, असें नव्हे. ओल तिला मुळींच सोसत नाहीं. जमिनीहून वर केलेला लाकडी माचा किंवा निदान उंच कोरडा कोपरा तिला हवा. लेंड्या माच्याच्या फटींतून खालीं पडतात आणि खत आपोआप सांठतें. कोंबड्यांना रात्रीं बसावयास आडवी काठी आणि बंद होणारें दार एवढें मिळालें कीं त्या दिवसभर आपलें पोट आपण भरतात. उकिरडा उकरून त्या माश्यांच्या अळ्या वेंचतात, ही त्यांची न मागतां केलेली नोकरी. खुडूक कोंबडीखालीं अंडीं ठेविलीं कीं एकवीस दिवसांनीं पिलें बाहेर येतात. अलीकडे निफाड तालुक्यांत उसाच्या आश्रयानें बिबट्यांचा वावर वाढला आहे. त्यामुळें शेळ्या, वासरें आणि कोंबड्या ह्यांना रात्रीं चारी बाजूंनीं आणि वरूनहि बंद जागा देणें ही आतां चैन राहिलेली नाहीं.

मेंढ्यांचा प्रकार सर्वांहून निराळा. त्यांना शेतकऱ्याच्या घरीं गोठाच नसतो. धनगर आपली वाघूर घेऊन येतो, मोकळ्या रानांत तें जाळें लावतो, आणि रात्रभर मेंढ्या तेथें बसवितो. दुसऱ्या रात्रीं वाघूर पुढें सरकते. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. येथें लेंडी आणि मूत्र दोन्हीं जागच्या जागीं मातींत जातात. ना गटार, ना उकिरडा, ना गाडी. कोणत्याहि ग्रंथाचा आधार न घेतां धनगरानें आणि कुणब्यानें मिळून बसविलेला हा व्यवहार, खत न गमावण्याच्या दृष्टीनें, उत्तमांपैकीं आहे.

रोगराईच्या बाबतींत मात्र जुना काळ गोड म्हणून आठवण्याजोगा नव्हता. बुळकांडीची सांथ आली कीं गोठेच्या गोठे ओस पडत. मुंबईस परळ येथें १८८६ मध्यें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. पुण्यास १८८९ मध्यें जनावरांच्या रोगांवरील प्रयोगशाळा सुरू झाली व ती पुढें हिमालयांत मुक्तेश्वरास हलविण्यांत आली. तेव्हांपासून चाललेल्या झगड्याचा शेवट असा झाला कीं २०११ मध्यें साऱ्या जगांतून बुळकांडी नाहींशी झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. माणसांच्या देवीनंतर समूळ उपटून टाकलेला हा दुसरा रोग. पण २०२२ मध्यें लम्पी नांवाच्या त्वचारोगानें महाराष्ट्राच्या गोठ्यांत शिरून नवा धडा दिला. माश्या, डांस आणि गोचीड हे त्याचे वाहक. लस हवीच; परंतु ज्याच्या गोठ्यांत ओल आणि डबकें नाहीं, त्याच्याकडे हे वाहक कमी. आजारी जनावर दूर बांधावयास निराळी जागा ठेवणें, हें जुन्या पडवींत जमत नसे. आतां तें जमविलेंच पाहिजे.

आज विंचुराच्या शिवारांत फिरणाऱ्याला बैलांच्या जोड्या मोजक्याच दिसतील. मोटेची जागा विजेच्या पंपानें घेतली आणि नांगराची ट्रॅक्टरनें. पण गोठा ओस पडण्याचें आणखी एक कारण आहे, तें सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. बाजरी आणि ज्वारी ह्यांच्याबरोबर वैरण आपोआप घरीं येत असे. कांदा आणि द्राक्षें पैसा देतात. वैरण देत नाहींत. शेतांतून कडबा उठला, तेव्हांच दावणीचा एकेक खुंटा मोकळा होऊं लागला. आणि गंमत अशी कीं, ह्याच द्राक्षबागांना शेणखताची भूक मोठी! तेव्हां ज्यांच्या वाडवडिलांनीं खत उकिरड्यावर धुपूं दिलें, ते आज तेंच दुसऱ्या गांवाहून गाड्या भरभरून विकत आणतात.

अशा घरीं एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर हिशेबाच्या वहींत सांपडत नाहीं. जोडींतला एक बैल गेला, दुसरा म्हातारा झाला. मुलगा म्हणतो, ‘आई, ट्रॅक्टर दारांत असतां ह्याला विकतचा कडबा किती दिवस घालावयाचा?’ आई म्हणते, ‘अरे, तुझी विहीर बांधली ती कोणाच्या खांद्यावर?’ दोघांचेंहि खरें असतें. महाराष्ट्रांत गोहत्येस १९७६ च्या कायद्यानें बंदी होती. २०१५ पासून ती बैलांनाहि लागू झाली. त्यामुळें म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न बाजारांत नेऊन सोडून देण्याचा राहिला नाहीं. तो ज्याच्या त्याच्या गोठ्यांतच सोडवावा लागतो. एवढें खरें कीं, खांदा उतरलेला बैलहि शेण आणि मूत्र पूर्वींइतकेंच देतो. पायांखालीं अंथरूण घालून तें सारें वेंचणाऱ्या घरीं तो निव्वळ ओझें नसतो. वैरणीची सारी किंमत तो फेडीत नाहीं, पण कांहीं भाग खचित फेडतो. ज्या घरीं तें गटारांत जातें, तेथें मात्र तो शंभर टक्के खर्चच. म्हणजे म्हाताऱ्या बैलाला दारांत ठेवतां येईल कीं नाहीं, हेंसुद्धां बऱ्याच अंशीं गोठ्याच्या जमिनीवरच ठरतें.

जेथें दुधासाठीं गाई ठेविल्या जातात तेथें आतां मुक्तसंचार गोठा रूढ होत आहे. कुंपण घातलेलें मोकळें आवार, मध्यें सावलीचें छप्पर, एका बाजूला गव्हाण आणि पाण्याचा हौद; गाय हवी तेव्हां खाते, हवी तेव्हां पिते, हवी तेथें बसते. शेण उन्हांत वाळून तुडविलें जातें आणि रोजची झाडलोट वांचते. ही कल्पना चांगलीच आहे. परंतु आवाराला उतार नसेल तर पावसाळ्यांत त्याचा चिखल होतो, आणि मग दाव्यांतून सुटलेली गाय चिखलांत अडकते. नवें असो वा जुनें, परीक्षा एकच.

शहरांतील घरांचा ह्या सर्वांशीं संबंध नाहीं, असें समजण्याचें कारण नाहीं. पेल्यांतील दूध कोणत्या जमिनीवर बसलेल्या कासेंतून आलें, ह्यावर त्याची शुद्धता अवलंबून असते. क्षय आणि ब्रुसेलोसिस हे रोग कच्च्या दुधावाटे गाईम्हशींकडून माणसांकडे येऊं शकतात. म्हणून दूध उकळून घेण्याची घरोघरची रीत सोडूं नये. आणि पुष्कळ शहरवासीयांच्या नांवावर गांवच्या घराचा वांटा अजून आहे. तेथील रिकामी पडवी पाडावयाची, कीं तींत पुन्हां एक गाय बांधावयाची, हा निर्णय उद्यां त्यांच्याच हातीं येणार आहे.

तेव्हां पुढच्या खेपेस यजमानानें गोठा दाखवावयास नेलें, तर पाहुण्यानें रुमाल खिशांतच राहूं द्यावा आणि गाईच्या शिंगांपेक्षां तिच्या पायांखालीं पाहावें. जमीन कोरडी असेल, अंथरूण घातलेलें असेल, आणि नाकाला नुसत्या वैरणीचा व दुधाचा मंद गंध येत असेल, तर घर जाणत्यांचें आहे असें खुशाल समजावें. आणि डोळ्यांत पाणी आलें, तर यजमानाला हळूच सांगावें, ‘दादा, तुमचें शेत ह्या दारांतून बाहेर चाललें आहे, तें आधीं अडवा.’